डबल, ट्रेबल, जॅकपॉट: कॉम्बिनेशन पैजेचं गणित, नवख्यांसाठी

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा आलेला माणूस साधारणपणे दोन रेस बघतो, एखादा घोडा लावतो, आणि तिसऱ्या रेसपर्यंत त्याच्या कानावर जॅकपॉट हा शब्द पडतो. दहा-वीस रुपयांच्या तिकिटावर कुणाला तरी हजारो रुपये मिळाले हेही त्याच वेळी कळतं. मग तो विचारतो, "हे कसं लावायचं?" लावायचं कसं ते खिडकीवर पाच मिनिटांत समजतं. लावल्यावर पैशाचं काय होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. त्यासाठी हा लेख.

दोन किंवा अधिक निकाल एकाच पैजेत बांधले की ती कॉम्बिनेशन पैज. सगळे निकाल बरोबर आले तर पैसे, एकही चुकला तर सहसा शून्य. भाव एकमेकांनी गुणले जातात, म्हणून आकडा मोठा दिसतो. त्या गुणाकारात भावासोबत पैज घेणाऱ्याचा कटही, म्हणजे त्याने आधीच काढून ठेवलेला हिस्साही, गुणला जातो, हे मात्र तिकिटावर कुठे छापलेलं नसतं. एवढी एक गोष्ट नीट डोक्यात बसली तरी पुढचं बरंच सोपं होतं.

पायरी १: आधी कायदा

मुंबईत हे पहिलं. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्यात घोड्यांच्या शर्यतीला सवलत आहे, पण ती अटींसह. पैज शर्यतीच्या दिवशीच लावायची, १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखाली परवाना मिळालेल्या मैदानातल्या ठरवून दिलेल्या जागेत लावायची, आणि टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या खिडकीवर) किंवा परवानाधारक बुकीकडेच लावायची. १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. मुंबईत शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब घेतो. हिवाळ्यात महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे. इंडियन डर्बी फेब्रुवारीत, तीही महालक्ष्मीलाच.

क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल यांच्यावरचा सट्टा या सवलतीत येत नाही. मग तो चाळीच्या जिन्यात घेतलेला असो की मोबाइलवर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांची जाहिरात आणि त्यांचे पैशाचे व्यवहार, तिन्हींवर त्यात बंदी आहे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षेचा रोख चालवणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. पण म्हणून खेळणारा सुरक्षित आहे असं नाही. परदेशी साइटने किंवा टेलिग्रामवरच्या कुणा एजंटने पैसे बुडवले तर तक्रार घेऊन जाणार कुठे? पुढे क्रिकेटची जी उदाहरणं येतील ती फक्त हिशेब समजावा म्हणून आहेत. ती कुठे जाऊन लावा, असा त्यांचा अर्थ नाही.

पायरी २: भाव वाचायला शिका

बुकी 'पाचचा भाव' म्हणतो तेव्हा १०० रुपयांवर ५०० जिंकता आणि आपले १०० परत, एकूण ६००. हाच भाव दशांशात ६.०० असा लिहितात. कॉम्बिनेशनचा हिशेब दशांशातच करा, कारण गुणायला तेच सोपं पडतं. टोटचा डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या तिकिटाला मिळणारी रक्कम, १० रुपयांमागे जाहीर होतो, आणि त्यात आपले १० धरलेले असतात. बोर्डावर ४२ दिसलं तर १० चे ४२ झाले, म्हणजे दशांशात ४.२.

आता उलटा हिशेब. १ भागिले भाव, म्हणजे त्या भावात दडलेली शक्यता. ६.०० म्हणजे सहात एक. २.०० म्हणजे निम्मी. एका रेसमधल्या सगळ्या घोड्यांच्या अशा शक्यता काढून बेरीज करून बघा. ती १०० टक्के यायला हवी, पण बुकीच्या फळीवर ती नेहमी १०० च्या वर जाते. वरचा तो भाग म्हणजे बुकीचा कट. पहिल्या दिवशी एका रेसचा तरी हा हिशेब कागदावर करा, त्यासाठी एक पैज सोडावी लागली तरी चालेल.

पायरी ३: दोन जोडा, मग पाच

दोन निकाल जोडले की डबल, तीन जोडले की ट्रेबल, त्यापुढे परदेशात अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात, अमेरिकेत पार्ले. नावं कितीही असली तरी क्रिया एकच: पहिल्याचे पैसे जसेच्या तसे दुसऱ्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर. २.०० आणि ३.०० चा डबल म्हणजे ६.००. त्यात १.५० जोडला की ९.००.

हे शिकण्यासाठी मला सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं ते नाणेफेकीचं, कारण तिथे खरी शक्यता कुणाला विचारावी लागत नाही. पाच सामन्यांत टॉस कोण जिंकेल यावर पैज आहे असं धरा. खरा भाव २.००. पैज घेणारा देतो १.९०. शंभराला पाच रुपये त्याचे, आपल्याला ते फारसं खुपत नाही.

एका टॉसवर १०० लावले तर सरासरी ९५ परत येतात. दोन जोडले तर ९०.२५. तीन जोडले तर ८५.७० च्या आसपास. पाच जोडले तर ७७.४०, आणि दहा जोडले तर ६० रुपयांपेक्षाही किंचित कमी. पाच टक्क्यांचा कट दहा वेळा गुणल्यावर चाळीस टक्क्यांवर गेला.

तेच दुसऱ्या बाजूने पाहा. पाचही टॉस बरोबर येण्याची शक्यता ३२ मध्ये एक, म्हणजे न्याय्य भाव ३२.००. तुमच्या हातात पडतो १.९० चा पाच वेळा गुणाकार, २४.७६. शंभराचे २,४७६ झाले म्हणून माणूस पेढे वाटतो, आणि ३,२०० व्हायला हवे होते हे त्याच्या लक्षातही येत नाही. पैज घेणाऱ्याला एकेक पैजेपेक्षा कॉम्बिनेशन का आवडतं, एकात दहा जोडल्यावर 'बोनस' का मिळतो, ते इथे कळतं.

पायरी ४: 'खात्रीच्या' पाचांचा हिशेब

नवखा माणूस यावर म्हणतो, टॉस कशाला, मी फेव्हरिटच (ज्यांच्या जिंकण्याची शक्यता सगळ्यात जास्त मानली जाते तेच) जोडेन. ठीक आहे. समजा तुम्ही निवडलेला प्रत्येक फेव्हरिट खरोखर १० पैकी ७ वेळा जिंकतो. शर्यतीत इतका पक्का फेव्हरिट रोज मिळत नाही, पण धरून चालू. दोन्ही जिंकण्याची शक्यता ४९ टक्के, तिन्हींची ३४, चारांची २४, पाचांची १७ पेक्षा कमी. सहापैकी पाच वेळा हे तिकीट फुकट जाणार. वर अशा फेव्हरिटचा न्याय्य भाव १.४३ असताना मिळतो १.३६ च्या आसपास. पाचांचा गुणाकार केल्यावर ४.६५ येतात, हवे होते ५.९५.

इथे एक मानसिक गोष्ट घडते आणि ती फार महागात पडते. पाचातले चार आले आणि एक गेला की माणसाला वाटतं, 'थोडक्यात हुकलं'. थोडक्यात नाही. वरच्या हिशेबात नेमका एक चुकण्याची शक्यता ३६ टक्के आहे, पाचही बरोबर येण्याच्या दुपटीहून जास्त. 'एकच गेला' हा या तिकिटाचा सगळ्यात जास्त वेळा येणारा निकाल आहे. त्यावरून आपला अभ्यास बरोबर चालला आहे असं काही सिद्ध होत नाही, आणि पुढच्या वेळी रक्कम वाढवायला ते कारणही नाही. गिरणगावात ज्यांनी मटक्याचा ओपन लागून क्लोज हुकलेली जोडी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कित्येक घरांचा पगार त्या 'थोडक्यात'वर गेला.

पायरी ५: सिस्टिम पैज, अर्थात एका चिठ्ठीत अनेक पैजा

एक चुकला तरी काहीतरी हाती लागावं म्हणून सिस्टिम निघाल्या. तीन निवडींची ट्रिक्सी म्हणजे तीन डबल आणि एक ट्रेबल, एकूण चार पैजा. त्यात तीन सुटे जोडले की सात पैजांचा पेटंट. चार निवडींची यँकी म्हणजे सहा डबल, चार ट्रेबल आणि एक चौकडी, एकूण अकरा. सहा निवडींचा हाइन्झ तर सत्तावन्न पैजांचा. यातल्या प्रत्येक पैजेला लाइन म्हणतात. 'फक्त ५० रुपयांची लाइन' म्हणत हाइन्झ लावला की २,८५० रुपये गेले.

ट्रिक्सी उलगडून बघू. निवडींचे भाव २.००, ३.०० आणि १.५०. लाइन १०० ची, म्हणजे खर्च ४००.

तिन्ही आले तर डबलचे ६००, ३०० आणि ४५०, ट्रेबलचे ९००, मिळून २,२५०. पहिले दोन आले, तिसरा गेला तर ६००, दोनशे फायदा. दुसरा आणि तिसरा आले तर ४५०, पन्नास फायदा. पहिला आणि तिसरा आले तर ३००. म्हणजे तीनपैकी दोन अंदाज बरोबर येऊनही खिशातले शंभर गेले. एकच आला तर चारशेही गेले.

सिस्टिमने चढउतार कमी होतात, कट कमी होत नाही. प्रत्येक डबलमध्ये दोनदा, प्रत्येक ट्रेबलमध्ये तीनदा तो बसलेलाच असतो. चिठ्ठी भरण्याआधी 'कमीत कमी किती निवडी आल्यावर माझा खर्च निघतो' हे लिहून काढा, आणि ते सगळ्यात कमी भावाच्या निवडी धरून काढा.

पायरी ६: टोटवरचं कॉम्बिनेशन

आता महालक्ष्मीच्या खिडकीवर येऊ. इथला प्रकार मुळातच निराळा आहे. टोटवर भाव आधी ठरलेला नसतो. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमतात, क्लबची आणि सरकारची वजावट होते, उरलेलं जिंकलेल्या तिकिटांत वाटलं जातं. मजेची बाब अशी की ट्रेबलच्या किंवा जॅकपॉटच्या पूलमधून वजावट एकदाच होते. तेच तीन घोडे तुम्ही एकामागून एक विनमध्ये (एका रेसचा फक्त विजेता सांगायच्या साध्या पैजेत) फिरवलेत तर तीनदा होते. म्हणून अनेक रेस जोडायच्याच असतील तर त्यासाठीचा स्वतंत्र पूल हिशेबाने बरा पडतो, अर्थात त्या पूलची वजावट विनच्या पूलपेक्षा फार जास्त नसेल तर.

आधी एकाच रेसमधली कॉम्बिनेशन. क्विनेलात पहिले दोन घोडे सांगायचे, क्रम कसाही चालतो. फोरकास्टमध्ये क्रमानेच हवेत. तनालात पहिले तीन क्रमाने. क्रमाची खात्री नसली की लोक बॉक्स करतात, म्हणजे निवडलेल्या घोड्यांचे सगळे क्रम घेतात. तनालात तीन घोड्यांच्या बॉक्सला ६ तिकिटं, चारला २४, पाचला ६०. तीनावरून पाचावर जाताना 'दोनच घोडे तर वाढवले' असं वाटतं, खर्च मात्र दहापट होतो.

जॅकपॉटमध्ये सहसा सलग पाच रेसचे विजेते सांगायचे असतात. प्रत्येक रेसमध्ये एकाहून जास्त घोडे घेता येतात आणि खर्च गुणाकाराने वाढतो. खिडकीपाशी होणारं संभाषण साधारण असं असतं:

"काका, पहिल्या रेसला एकच घोडा घेतलात?"

"तो बँकर. पुढे दोन, तीन, तीन आणि शेवटच्या रेसला चार. किती झाले सांग."

"एक गुणिले दोन गुणिले तीन... बहात्तर."

"दहाची लाइन धरलीस तर सातशे वीस. आता शेवटच्या रेसला आणखी एक घे म्हणालास तर एकशे ऐंशी वाढतील. एका घोड्यासाठी एकशे ऐंशी. त्यापेक्षा तो घोडा नुसता विनमध्ये का नाही लावत?"

काकांचा हा शेवटचा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा असा आहे. बँकर म्हणजे ज्या रेसमध्ये तुम्ही एकाच घोड्यावर भिस्त ठेवता तो. बँकर घेतला की तिकीट स्वस्त होतं, आणि तो हरला की बहात्तरपैकी एकही लाइन पूर्ण लागू शकत नाही. दोन बँकर घेणाऱ्याने पायरी ४ पुन्हा वाचावी.

दुसरी बाब डिव्हिडंडची. पाचही रेसमध्ये फेव्हरिट आले तर ते शेकडो लोकांकडे असतात आणि पूल शेकडो तुकड्यांत वाटला जातो. सातशे वीस रुपयांच्या तिकिटातली एकच लाइन पूर्ण लागते, आणि हातात एकूण चारशेच आले तर जॅकपॉट लागूनही तोटा. म्हणून अनुभवी लोक तिकिटात एखाद्या रेसला तरी कमी लोकांच्या नजरेतला घोडा ठेवतात. सगळे फेव्हरिट भरलेलं मोठं तिकीट ही पूलमधली सगळ्यात वाईट खरेदी.

पायरी ७: चिठ्ठी देण्याआधी तीन बारीक गोष्टी

निवड रद्द झाली तर काय? ठरलेल्या भावाच्या पैजेत रद्द झालेल्या निवडीचा भाव १.०० धरतात, ट्रेबलचा डबल होतो. टोटवर घोडा ऐन वेळी मागे घेतला तर क्लबचा नियम लागतो. तो रेसबुकात वाचा किंवा खिडकीवर विचारा, पण तिकीट काढण्याआधी.

एकमेकांत गुंतलेले निकाल. 'भारत जिंकेल' आणि 'भारताचा सलामीवीर शतक ठोकेल' हे दोन वेगळे निकाल नाहीत, एक घडलं की दुसऱ्याची शक्यता वाढते. तिथे साधा गुणाकार लावला तर पैज घेणाऱ्याचं नुकसान होईल, म्हणून तो अशा जोडीला स्वतःचा वेगळा भाव देतो. त्या भावात कट किती आहे ते बाहेरून तपासायला जवळजवळ वाव नसतो. एका सामन्यातलीच चार-पाच कॉम्बिनेशनं जाहिरातीत इतकी पुढे का असतात, त्याचं हे एक कारण.

मध्येच पैसे काढून घेण्याची सोय. पाचातले तीन आले की 'आत्ताच इतके घ्या' असा आकडा पुढे येतो. तो आकडाही पैज घेणाराच ठरवतो आणि त्यात पुन्हा कट असतो.

पायरी ८: कर

घोड्यांच्या शर्यतीतल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर आहे, वर उपकर. तुमचं एकूण उत्पन्न कितीही कमी असलं तरी दर तोच. १०,००० रुपयांच्या वर जिंकलात तर कर कापूनच पैसे मिळतात. हरलेल्या तिकिटांचा गठ्ठा दाखवून हा कर कमी होत नाही, तोटा वजा करायची सोयच नाही. जॅकपॉटचे स्वप्नातले आकडे मोजताना ३० टक्के तिथेच कमी करून मोजा.

त्याआधी जीएसटी. ऑक्टोबर २०२३ पासून तो पैजेच्या पूर्ण रकमेवर लागतो, तेव्हा दर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. १०० रुपयांच्या पैजेला ४० रुपये कर. तिकिटात धरलेला असो की वेगळा घेतलेला असो, खिशातून गेलेल्या १४० पैकी १०० च प्रत्यक्ष पैजेवर लागतात. वरचे सगळे हिशेब या कराआधीचे आहेत. मला विचाराल तर या दराने कोणत्याही कॉम्बिनेशनमधून सातत्याने कमाई होईल असं मानणं हिशेबाला धरून नाही. कुणी टिप विकत 'महिन्याला इतके पक्के' म्हणत असेल तर त्याच्यापासून दूर राहा.

पायरी ९: किती पैसे न्यायचे

रोख न्या, घरून मोजून न्या, आणि त्यात परतीचं भाडं धरू नका, ते वेगळ्या खिशात ठेवा. ती रक्कम सिनेमाच्या तिकिटासारखी गेलेलीच धरा. उधारीवर, क्रेडिट कार्डावर किंवा कुणाच्या 'नंतर दे'वर पैज लावायची नाही. वहीत प्रत्येक तिकिटाचा खर्च आणि परतावा लिहा, कॉम्बिनेशन एका रकान्यात, सुट्या पैजा दुसऱ्यात. हंगाम अर्धा झाला की दोन रकान्यांची बेरीज करा.

हरलेलं भरून काढायला तिकीट मोठं होऊ लागलं, घरी आकडा खोटा सांगावा लागला, दागिना किंवा पगाराची आगाऊ रक्कम यात आली, तर गणित सुधारून उपयोग नाही. तेव्हा थांबायचं, आणि एकट्याने थांबवत नसेल तर मदत घ्यायची. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फोन मोफत, मराठीतही बोलता येतं. जुगाराची सवय हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. नवरा, भाऊ, मुलगा यात अडकला असेल तर घरच्यांनीही या नंबरवर फोन करावा.

तिकीट काढल्यानंतर

खिडकीवरून बाजूला होण्याआधी छापील तिकीट वाचा: रेस नंबर, घोड्यांचे नंबर, एकूण रक्कम. चूक तिथल्या तिथेच सुधारता येते. रेस संपली की लगेच तिकीट फेकू नका. ऑब्जेक्शन, म्हणजे निकालावर हरकत, आलं तर पहिल्या-दुसऱ्याचा क्रम बदलू शकतो, अधिकृत निकाल जाहीर होईपर्यंत थांबा. जॅकपॉटमध्ये पूलचा ७० टक्के भाग सगळे विजेते सांगणाऱ्यांना आणि ३० टक्के एक चुकलेल्यांना मिळतो, त्यामुळे चार बरोबर आलेलं तिकीटही पैसे देतं. शेवटच्या रेसनंतर जमिनीवर पडलेल्या कागदांत अशी तिकिटं असतात. तुमचं नंबरांशी ताडून मगच टाका.